डावी फिरते, उजवी कापते

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे आणि मला राग आलेला आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूने मऊ आवाजात, डोळ्यांच्या कडा पुसत बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल. ती पुरी करणं मला जमणार नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही आदळआपट केली असती. मला तर आपटायला भांडीसुद्धा नाहीत.

स्क्रिप्ट म्हटल्यावर नाटकाची वही डोळ्यांपुढे आणू नका. मी म्हणजे संगणकाला ‘आधी हे कर, मग ते कर’ असं सांगणाऱ्या काही ओळी. मला गंजायला लोखंड नाही आणि वाळवी लागायला लाकूड नाही, त्यामुळे मी कधी जुनी होणारच नाही असं तुम्हाला वाटेल. पण आमच्यात जुनं व्हायला वर्षं लागत नाहीत. कोणीतरी शहाणा येतो, ‘हे जुनं झालं’ म्हणतो आणि आम्ही त्याच क्षणी जुन्या होतो. माझ्या वाट्याला आलेला शहाणा कोण होता तेही सांगते, पण आधी माझ्या घराबद्दल ऐका.

माझा जन्म लाकूडकामाच्या कारखान्यात झाला. कारखाना हा फार मोठा शब्द झाला. घरामागची पत्र्याची लांबट शेड होती ती. एका टोकाला मोठी करवत, मध्ये कापणीचं मशीन आणि भिंतीला लागून टेबलावर संगणक. सगळीकडे भुसा. चहाच्या कपात भुसा, कीबोर्डच्या कळांमध्ये भुसा, माणसांच्या भुवयांवर भुसा. हा सारा पसारा दोन भावंडं सांभाळायची. दादा सुतार. त्याची बहीण धाकटी. तिला घरचे, शेजारचे, अगदी गिऱ्हाइकंसुद्धा धाकटीच म्हणायची. पस्तिशी उलटली तरी ती धाकटीच राहिली, आणि पुढे जे घडलं त्याला हे धाकटेपणच कारण झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

दादा लाकूड बघायचा आणि धाकटी संगणक. कपाटाच्या दारावरची नक्षी ती स्क्रीनवर काढायची. मग ते चित्र मशीनकडे जायचं. मशीनचं डोकं टेबलावर ठेवलेल्या फळीवरून फिरायचं आणि त्याच्या टोकाला बसवलेलं पातं तश्शी नक्षी कापून द्यायचं. हे मशीन लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचं, म्हणून संगणकावर लिनक्स. या लिनक्समधली एक सोय धाकटीला फार आवडायची. स्क्रीन एकच, पण तिच्यामागे चार वेगवेगळी टेबलं मांडून ठेवावीत तसे चार डेस्कटॉप. एक कळ दाबली की पहिला डेस्कटॉप बाजूला होतो आणि दुसरा समोर येतो. धाकटी त्यांना खोल्या म्हणायची. पहिल्या खोलीत गिऱ्हाइकांच्या मेल आणि त्यांनी पाठवलेले फोटो. दुसऱ्या खोलीत चित्रं. तिसरी खोली मशीनची. चौथीत हिशेब आणि हिशेबाच्या खिडकीमागे, म्हणजे विंडोमागे, लपवलेला पत्त्यांचा खेळ. प्रत्येक खिडकीची खोली ठरलेली आणि खोलीतला कोपराही ठरलेला. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू सापडावी, असं धाकटीचं घर होतं ते.

पण मोठी करवत या घराच्या मुळावर उठलेली. ती सुरू होताना एवढी वीज ओढायची की बरेचदा एमसीबी, म्हणजे भिंतीवरचा विजेचा खटका, पडायचा आणि अख्खी शेड ठप्प व्हायची. संगणकाला आधार द्यायला ठेवलेला बॅटरीचा डबा केव्हाच मेलेला. वीज परत आली, संगणक सुरू झाला, की सगळ्या खिडक्या पहिल्याच खोलीत एकीच्या उरावर एक येऊन पडायच्या. धाकटी दातओठ खात एकेकीला ओढून तिच्या तिच्या जागी न्यायची. शेवटची खिडकी बसते न बसते तोच पुन्हा करवत.

“दादा, करवत लावायच्या आधी सांगत जा ना रे!”

“सांगितलं की. तुझ्या कानात बोळे होते.”

“मग खांद्याला हात लावून सांग!”

“तेवढा लांब कोण येणार चालत?”

या भांडणातून मी जन्मले. धाकटीने पुस्तकं वाचली, लोकांना मेल पाठवून पाठवून पिडलं आणि एक दिवस मला लिहिलं. माझं काम एकच. संगणक सुरू झाला की उठायचं, एकेका खिडकीला शोधायचं आणि हाताला धरून तिच्या जागी नेऊन बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिले काही दिवस मी नुसता घोळ घातला. मी धावत जायचे आणि खिडक्या अजून उघडलेल्याच नसायच्या. रिकाम्या खोल्यांत हाका मारून मी परत यायचे. मग धाकटीने मला थांबायला शिकवलं. खिडकी दिसेपर्यंत दारात उभं राहायचं, दिसली की धरायचं. काही खिडक्या उघडल्यावर मध्येच आपलं शीर्षक बदलायच्या. त्यांना वेगळ्या खुणेने ओळखायला शिकवलं. ती मला शिकवायची तेव्हा जिभेचं टोक दातांत धरून बसायची आणि जमलं की टेबलावर थाप मारायची. थाप मारली की भुसा उडायचा आणि तिलाच शिंक यायची.

सगळ्यात अवघड होत्या तिसऱ्या खोलीतल्या दोन खिडक्या. मित्रांनो, या दोघींकडे नीट लक्ष द्या. दोघी काळ्या. दोघींत पांढरी अक्षरं. दोघींत एकच वाक्य: ‘तयार. एंटर दाबा.’ वर बारीक पट्टीत नावं वेगळी होती, पण ती मुंगीएवढी. डावीत एंटर दाबलं तर पातं फिरवणारी मोटर बंद राहायची आणि पातं वरच्या वर उचलून डोकं फळीवरून नुसतं फिरून यायचं, म्हणजे कापणी कुठून कुठे होणार ते दिसावं. उजवीत एंटर दाबलं तर मोटर सुरू, पातं खाली आणि खरोखरची कापणी. ‘डावी फिरते, उजवी कापते.’ हे वाक्य त्या शेडमध्ये इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की पत्र्यांनाही पाठ झालं असेल.

फळी पकडून ठेवणारा मशीनचा शिकंजा मोडला होता. नवा आणू, नवा आणू म्हणत तो राहूनच गेला. म्हणून डावी फिरत असताना दादा दोन्ही हातांनी फळी धरायचा, वरून जाणारं पातं पेन्सिलीच्या खुणेवरून जातंय का ते बघायचा आणि फळी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा. जुळलं की स्क्रू मारून फळी पक्की करायचा, हात काढायचा, मागे व्हायचा आणि मग दुसरी हाक मारायचा. त्याची पाठ कायम स्क्रीनकडे. तो ओरडणार “डावी!” की धाकटी तिसरी खोली, डावीकडे जी खिडकी असेल ती पकडणारा डावा बाण, एंटर. तो ओरडणार “उजवी!” की उजवा बाण, एंटर. आणि हे करताना धाकटी स्क्रीनकडे बघायची नाही. ती दादाच्या हातांकडे बघायची. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा सांगते: ती त्याच्या हातांकडे बघायची. पुढे ज्यांनी ज्यांनी तिला ‘तुझी नजर कुठे होती’ असं विचारलं त्या सगळ्यांच्या कानात मला हे वाक्य ओरडायचं होतं.

नजर हातांवर ठेवता यायची, कारण खिडक्यांचा भार माझ्यावर होता. धाकटीने मला बजावलं होतं: या दोघींचा चेहरा बघू नकोस, नाव विचार. मी विचारायचे. डावी म्हणाली मी डावी, की तिला डावीकडे. उजवी म्हणाली मी उजवी, की तिला उजवीकडे. कोणी आधी उठो, कोणी मागून येवो, माझ्याकडे वशिला चालत नसे. एमसीबी पडला, पुन्हा लागला, आणि चहाचा घोट घशाखाली उतरेपर्यंत चारही खोल्या लावून तयार.

कौतुकही झालं हो माझं. एकदा भावंडांची आई डबा घेऊन शेडमध्ये आली होती. तिच्यासमोरच एमसीबी पडला आणि परत लागल्यावर खिडक्या टपाटप आपापल्या जागी जाताना तिने पाहिल्या. “यांना कोणी वळण लावलं गं?” तिने विचारलं. धाकटी म्हणाली, “मी.” आई म्हणाली, “मग तुझ्या दादाला पण लाव. जेवायला बोलावलं की हा कधी जागेवर सापडत नाही.” दादा हसला आणि त्याच्या भुवयांतला भुसा भातात पडला. ते माझे सुखाचे दिवस होते. पुष्कळ होते. पण सुखाचे दिवस सांगत बसायला माझं डोकं आत्ता ठिकाणावर नाही.

आता तो शहाणा. धाकटीला मोठी बहीणही आहे. तिचे यजमान म्हणजे या घरचे भाऊजी. मोठ्या कार्यालयात काम, हाताखाली माणसं, संगणकातलं सगळं कळतं अशी ख्याती. माणूस वाईट नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते. वाईट असता तर बरं झालं असतं, कोणीतरी त्याला अडवलं असतं. तो प्रेमळ होता, उत्साही होता आणि चार दिवस सुट्टी काढून ‘तुमचा संगणक जरा माणसात आणतो’ म्हणत बाह्या सरसावून बसला होता. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. जावई घरात आला की आई हळू बोलू लागायची आणि दादा शर्ट बदलून यायचा.

भाऊजींनी मला उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि हसले. “अगं, हे काय सांभाळून ठेवलंयस? हे तर काचेच्या कपाटात ठेवण्याजोगं आहे!”

धाकटी म्हणाली, “भाऊजी, ते असू द्या. ते खिडक्या जागेवर लावतं.”

“लिनक्सचीच नवी सिस्टिम टाकतोय ना मी. ती खिडक्या स्वतःच लक्षात ठेवते. आणि असल्या बाहेरच्या स्क्रिप्टला ती खिडक्यांना हातच लावू देत नाही. सुरक्षेसाठी असतं ते.”

“हो, पण तिसऱ्या डेस्कटॉपवर त्या ज्या दोन आहेत ना, त्या...”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. “अगं, बिचारे सुट्टी टाकून तुझ्यासाठी बसलेत. करू दे की त्यांना त्यांच्या पद्धतीनं. तुझं आपलं सारखं मध्ये मध्ये!”

आणि धाकटी गप्प बसली. मित्रांनो, मला पाय नाहीत, मस्तक नाही, तरीही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. जिने मला लिहिलं, मला एकेक गोष्ट शिकवली, त्या दोन खिडक्यांची ओळख पटवायला जिने आठवडाभर डोकं फोडलं, ती आपलं वाक्य अर्धं सोडून चहाच्या बशा गोळा करायला लागली. त्या खोलीत खरी गोष्ट ठाऊक असलेली ती एकटीच होती. पण ती धाकटी होती आणि समोर जावई होते.

भाऊजींनी नवी सिस्टिम टाकली. खिडक्या उघडून, मांडून, संगणक बंद करून पुन्हा लावून दाखवला. सगळ्या खिडक्या आपापल्या खोलीत, आपापल्या कोपऱ्यात. “बघ,” ते म्हणाले. सगळ्यांनी बघितलं. मला त्यांनी पुसून टाकलं नाही. “असू दे आठवण म्हणून,” म्हणत ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिलं. त्या फोल्डरमध्ये राहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. ऐकू सगळं येतं. करता काही येत नाही.

नव्या सिस्टिमबद्दलही मी खोटं बोलणार नाही. ती दिसायला देखणी होती आणि तिला जागा छान आठवायच्या. पण तिला जागा आठवायच्या, माणसं नाहीत. दोन सारख्या चेहऱ्याच्या खिडक्या आल्या की ती कोणाला नाव विचारत नसे. जी आधी उघडेल तिला डावी जागा, जी मागून येईल तिला उजवी. रोज संध्याकाळी संगणक नीट बंद केला आणि सकाळी नीट लावला की डावीच आधी उघडायची. म्हणून सगळं सुरळीत चाललेलं दिसायचं. आणि नेमकं त्याच सुमाराला गिऱ्हाइकाने कापून तयार असलेल्या फळ्या पाठवल्या होत्या, त्यामुळे मोठ्या करवतीला काम नव्हतं आणि एमसीबी पडतच नव्हता. घरातले म्हणत, भाऊजींचा हात लागला आणि कटकट संपली. मी ‘जुनं’मध्ये बसून ऐकत होते आणि जळफळत होते.

मग नवी ऑर्डर आली. ऊन पत्र्यावर तापत होतं, सकाळची कामं उरकली होती. दादाने मोठी करवत लावली. एमसीबी पडला. दादाने तो वर केला, करवतीचं काम हातावेगळं केलं आणि फळी घेऊन मशीनपाशी आला. संगणक सुरू झाला होता. धाकटीने चारही खोल्यांवरून नजर फिरवली. सगळं जागच्या जागी. खिडक्यांचा ढीग पडला असता तर तिने एकेक तपासली असती. पण तिसऱ्या खोलीत दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी, शहाण्या मुलींसारख्या बसल्या होत्या. त्यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. बघून कोणाला कळणार? कळण्याचं काम ज्या एकीचं होतं ती अडगळीत पडली होती.

दादाने फळी ठेवली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि हाक मारली, “डावी!”

धाकटीने त्याच्या हातांकडे बघत डावा बाण दाबला. एंटर दाबलं.

मोटरचा आवाज आला. तो आवाज त्या हाकेनंतर कधीच येत नसे. धाकटी खुर्ची पाडून धावली आणि मशीनच्या खांबावरच्या लाल बटणावर तिने हाताचा पंजा आपटला. मशीन थांबलं. ती धावली नसती तर दादाचा हात गेला असता. ती धावली, म्हणून उजव्या हाताची करंगळी गेली आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं गेलं. याहून जास्त मी सांगणार नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याने माझा राग आणखी भडकला. आई दवाखान्यातून परत आली ती धाकटीवर बरसतच. “तुझं लक्ष कुठे होतं गं? एवढा तुझ्या भरवशावर उभा असतो तो!” भाऊजींचा फोन आला. त्यांचा आवाज खरंच कापत होता, पण बोलले काय, तर “स्क्रीनकडे बघून एंटर दाबायचं, एवढं साधं होतं गं.” मोठी बहीण रडत म्हणाली, “होतं असं, थकवा येतो माणसाला.” म्हणजे तीही धरूनच चालली की चूक धाकटीची. आणि धाकटी? ती कोणाला काही बोललीच नाही. तिला स्वतःलाच वाटायला लागलं की आपलं बोट घसरलं, डाव्याऐवजी उजवा बाण दाबला गेला. ती शेडमध्ये यायची बंद झाली. दोन बोटं दादाची गेली आणि हिचे दोन्ही हात गेल्यासारखी ती बसून राहिली. तिने आईला सांगितलं की आपण आता दुसरं काम शोधणार, जिथे आपल्या हातून कोणाला इजा होणार नाही.

मी सगळं ऐकत होते. तुझं बोट घसरलं नाही, मला उघड, मला वाच, असं ओरडत होते. पण स्क्रिप्टचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

दादाची पट्टी लहान झाली तेव्हा तो एका दुपारी धाकटीला मनगट धरून शेडमध्ये घेऊन आला.

“बस तिथे,” तो म्हणाला.

“दादा, मी नाही हात लावणार.”

“मोटरची वायर काढलीय मी. पातं फिरणारच नाही. बस. मला एक बघायचंय.”

फळी त्याने मशीनवर ठेवली, पण या वेळी हात पाठीमागे घेऊन लांब उभा राहिला. संगणक बंद केला, पुन्हा लावला. “डावी,” तो म्हणाला. धाकटीने डावा बाण आणि एंटर दाबलं. मशीनचं डोकं वरच्या वर फिरून आलं, फळीला शिवलंसुद्धा नाही.

“बघ,” धाकटी म्हणाली. “मशीन बरोबर आहे. माझंच चुकलं.”

“परत बंद कर.”

पुन्हा तेच. डोकं वरच्या वर. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “कशाला रे छळतोस? चुकले मी. किती वेळा कबूल करू?”

दादाने मान वळवून मोठ्या करवतीकडे पाहिलं. मग म्हणाला, “आपण त्या दिवशी बंद कुठे केला होता? त्या दिवशी तर करवत लावली होती मी.”

तो शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याने डाव्या हाताने मोठी करवत सुरू केली. एमसीबी धाडकन पडला. दादाने तो वर केला. सगळे दिवे लागले, संगणक घरघरत उठला. अचानक वीज गेल्यावर तो उठतो तेव्हा आधी आपल्या सगळ्या सामानसुमानाची तपासणी करतो आणि त्या गडबडीत कोण आधी उठेल याचा नेम नसतो. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी नावं विचारायचे.

तिसऱ्या खोलीत दोन काळ्या खिडक्या नीटनेटक्या बसल्या.

“डावी,” दादा म्हणाला.

धाकटीने डावा बाण दाबला. एंटर दाबलं. मशीनचं डोकं पुढे सरकलं आणि थांबून खाली आलं. न फिरणारं पातं लाकडाला भिडलं, फळी ढकलली गेली आणि कडकन आवाज होऊन पात्याचं टोक मोडलं. 

“कोणता बाण दाबलास?” दादाने विचारलं.

“डावा.”

“तेव्हाही डावाच दाबला होतास.”

धाकटीने स्क्रीनला नाक टेकवून त्या मुंगीएवढ्या पट्ट्या वाचल्या. मग तिने मला ‘जुनं’मधून उघडलं आणि वाचत गेली. जिथे मी दोघींना नाव विचारते त्या ओळीपाशी आल्यावर ती थांबली आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. दादा तिच्या केसांतून पट्टी बांधलेला हात फिरवत म्हणाला, “तू बरोबर दाबलंस गं. तू बरोबरच दाबलं होतंस.”

पुढच्या सुट्टीला भाऊजी आले. तोंड उतरलेलं, हातात सफरचंदांची पिशवी. सगळं कळलं होतं त्यांना. “मी बघतो,” म्हणत ते सवयीने संगणकासमोरच्या खुर्चीकडे निघाले.

“भाऊजी, हात लावू नका,” धाकटी म्हणाली.

आई दचकली. “अगं, बोलतेस कोणाशी! ते...”

“आई,” दादा म्हणाला, “तिला बोलू दे. मागच्या वेळी तू तिला बोलू दिलं नव्हतंस.”

त्याने आवाज चढवला नव्हता. हातही दाखवला नव्हता. पण आई मटकन स्टुलावर बसली. आणि मग धाकटीने तिचं ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. दोन खिडक्या, दोघींचा एकच चेहरा, नाव विचारल्याशिवाय त्यांना बसवू नका, तिथे दादाचे हात असतात. एवढंच होतं ते. चहाचा एक कप संपायच्या आत सांगून झालं असतं. भाऊजी खाली मान घालून ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर म्हणाले, “मी विचारायला हवं होतं.” हो, हवं होतं. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

धाकटीने जुनी सिस्टिम परत टाकली आणि मला ‘जुनं’मधून काढून माझ्या जागेवर आणलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ‘हिच्यामुळेच तर सगळं नीट चाललं होतं’ असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मला ते कौतुक नको. दोन बोटं मोजून घेतल्यावर दिलेली शाबासकी आहे ती. पण धाकटी नुसतं कौतुक करून थांबली नाही. तिने उजव्या खिडकीला लाल रंग दिला आणि तिच्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘आता कापणार’. नवा शिकंजा आणला, तो बसवताना भाऊजींनी उजेडासाठी टॉर्च धरला. मोटरची चावी मशीनवर दादाच्या बाजूला लावली. ती त्याने स्वतः फिरवल्याशिवाय पातं फिरतच नाही, मग खिडक्या कुठेही बसोत. म्हणजे आता सगळा भार माझ्या एकटीवर नाही. साऱ्या प्रकरणात मला राग आला नाही अशी ही एकच गोष्ट.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावर माया करा, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. हव्या तर फेका. मीही एक दिवस जाणारच आहे. पण फेकण्याआधी खोलीतल्या सगळ्यांना विचारा, ही नक्की काय करत होती? आणि ज्याला उत्तर माहीत असेल त्याने ते पुरं सांगा. समोर जावई असो, गुरुजी असोत, कार्यालयातला साहेब असो. चहा थंड होऊ दे. वाक्य अर्धं सोडू नका.

मोठी करवत आजही एमसीबी पाडते आणि मी आजही उठून खिडक्या लावते. फळी आता शिकंजा धरतो, दादाने हात लावायची गरजच नाही. तरी धाकटी तिच्या जागेवर बसते आणि दादा हाक मारायच्या आधी दोन्ही हात उंच करून, बोटं पसरून तिला दाखवतो. ती मोजते. उरलेली सगळी दिसली, की मगच एंटर दाबते.